मात्रा चुकू नये म्हणून : संगणकावर चिकित्सालयाचे वार्तापत्र

वैद्याचा रुग्णाशी संवाद चिकित्सालयाच्या उंबरठ्यावर संपत नाही. पथ्यापथ्य, ऋतुचर्या, औषध घेण्याची रीत, औषधाचा काल व अनुपान या गोष्टी रुग्णाने घरी गेल्यावरही लक्षात ठेवावयाच्या असतात. तोंडी सांगितलेले निम्मे विसरले जाते. लिहून दिलेले मात्र घरातील चार माणसे वाचतात. या विचाराने आपले अनेक वैद्यबंधू व भगिनी चार पानांचे छोटेखानी वार्तापत्र काढतात, आणि औषधालयांचे चालकही ते गल्ल्यावर ठेवतात. पूर्वी या कामासाठी मुद्रणालयावर सर्वस्वी अवलंबून राहावे लागे. आता चिकित्सालयातील संगणकावर असलेल्या वर्ड किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रे ऑफिस रायटर या शब्दसंस्करण प्रणालीत हे काम घरबसल्या होऊ शकते.

मात्र सोय वाढली तशी जबाबदारीही वैद्यावर आली. मुद्रणालयात जुळारी आणि मुद्रितशोधक अशा दोन अनुभवी नजरा मजकुरावरून फिरत असत. आता लिहिणारा, जुळविणारा व तपासणारा एकच असतो. म्हणून वार्तापत्राची रचना हा केवळ शोभेचा विषय नाही, असे आम्हांस वाटते. ‘मात्रा’ हा शब्द आपल्या शास्त्रात औषधाच्या प्रमाणास लावला जातो आणि आपल्या लिपीत अक्षरावरील चिन्हासही. वार्तापत्र करताना या दोन्ही मात्रा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, कारण एक ढळली की दुसरीही ढळू शकते. प्रस्तुत लेखात आम्ही रचनेचा विचार याच दृष्टीने मांडीत आहोत.

१. वाचक आणि आकार

आरंभी वाचक निश्चित करावा. रुग्णांसाठीचे पत्र आणि व्यावसायिकांसाठीचे पत्र ही दोन वेगळी पत्रे आहेत. रसौषधींच्या मात्रेची चर्चा वैद्यांच्या पत्रात शोभते. रुग्णांच्या पत्रात ती स्वयंचिकित्सेला आमंत्रण ठरते. एकाच पत्रात दोन्ही वाचकांना सांभाळण्याचा प्रयत्न करू नये.

आकाराच्या बाबतीत रुग्णांच्या पत्रासाठी ए५ हा आकार आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध दुमडला की १४८ × २१० मिलिमीटरची चार ए५ पाने मिळतात. म्हणजे एका कागदात एक अंक पूर्ण होतो. कागद पाठपोट छापताना बाहेरच्या बाजूस पान ४ व पान १ शेजारी येतात आणि आतल्या बाजूस पान २ व पान ३. ही मांडणी हाताने करण्याची आवश्यकता नाही. वर्डमध्ये ‘पेज सेटअप’मधील ‘बुक फोल्ड’ आणि रायटरमध्ये छपाईच्या वेळी ‘ब्रोशर’ हा पर्याय निवडला की क्रम आपोआप लागतो. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूवर उलटण्याचा पर्याय निवडावा, अन्यथा आतील पाने उलटी येतात. पाने वाढवावयाची झाल्यास ती चारच्या पटीतच वाढवावीत.

ए५ आकाराचा आणखी एक लाभ असा की हेच पान मोबाइलवर पाठविले असता पडद्यावर बऱ्यापैकी वाचता येते. ए४ आकाराचे दोन स्तंभांचे पान कागदावर डौलदार दिसते, परंतु मोबाइलवर वाचकाला ते सतत इकडेतिकडे सरकवावे लागते.

२. लिपी आणि फाँट

सर्वांत अधिक घोटाळे येथे होतात. म्हणून याची उपपत्ती समजून घेणे अगत्याचे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकन केले तर संगणकाच्या स्मृतीत देवनागरी अक्षर साठविले जात नाही. साठविले जाते ते रोमन अक्षर. फाँट केवळ त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवितो. फाँट बदलला अथवा दुसऱ्या संगणकावर तो नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालची निरर्थक रोमन अक्षरे उघडी पडतात. दोन जुन्या फाँटांची संकेतयोजना एकसारखी नसल्याने एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात नेला तरी हाच प्रकार होतो.

यापेक्षा सूक्ष्म धोका वर्डच्या ‘ऑटोकरेक्ट’ या सोयीत आहे. ही प्रणाली इंग्रजी लेखनाच्या शिस्तीने एकटे पडलेले छोटे ‘आय’ मोठे करते आणि वाक्याचे पहिले अक्षरही मोठे करते. कृतिदेवमध्ये छोट्या ‘आय’वर पूर्ण ‘प’ आहे आणि मोठ्या ‘आय’वर अर्धा ‘प्’. अर्थात संगणकाने आपल्या परीने केलेली सुधारणा मराठीत अक्षर मोडणारी ठरते, आणि ती लेखकाच्या नकळत होते.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा संकेत असतो. १९९१ साली या संकेतावलीची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीचा तीत समावेश आहे. फाँट कोणताही लावला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. सबब वार्तापत्र युनिकोडमध्येच टंकित करावे. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यास थोडे दिवस लागतात, परंतु त्यावर संस्कृत जोडाक्षरे निःसंदिग्धपणे लिहिता येतात. मराठीतील ‘ऱ्य’ साठी ‘शिफ्ट’सह ‘जे’ दाबून ‘ऱ’ घ्यावा, नंतर हलन्त व ‘य’ द्यावा. हा भेद क्षुल्लक नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, हे वाचकास ठाऊक असते; आपल्या संगणकालाही ते ठाऊक करून द्यावे.

फाँट निवडताना संस्कृत जोडाक्षरांची कसोटी लावावी. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीपासून परिचित झालेला ‘मंगल’ हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला. तो पडद्यावर स्वच्छ दिसतो. छपाईसाठी आयआयटी मुंबई येथे तयार झालेला ‘शोभिका’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचा ‘मुक्त’ हे विनामूल्य फाँट उपयोगी आहेत. पहिला संस्कृत वचनांसाठी विशेष चांगला. निवड करण्यापूर्वी ‘शुण्ठी’, ‘द्राक्षा’, ‘अष्टाङ्ग’, ‘हृद्य’, ‘उद्वर्तन’ असे शब्द छापून पाहावेत. एका अंकात दोनच फाँट वापरावेत : एक मजकुरासाठी व एक मथळ्यांसाठी.

३. अक्षराचा आकार, ओळींमधील अंतर आणि स्टाइल्स

आपले पुष्कळ रुग्ण साठीच्या पुढील असतात. त्यांच्यासाठी मजकूर १३ किंवा १४ पॉइंटपेक्षा लहान नसावा. येथे लक्षात घ्यावे की समान पॉइंटचे दोन फाँट समान आकाराचे दिसत नाहीत. ‘कोकिळा’तील १४ पॉइंट ‘मंगल’मधील १४ पॉइंटहून बरेच लहान दिसतात. म्हणून आकड्यावर न जाता छापलेला कागद हाती घेऊन निर्णय करावा.

देवनागरीत अक्षराच्या वर रफार, मात्रा व अनुस्वार येतात आणि खाली उकार व ऋकार. ओळींमध्ये जागा कमी पडली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ‘लाइन स्पेसिंग’मध्ये ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय निवडून आकडा लहान ठेवला तर मात्रेचा वरचा भाग कापलाही जातो. त्याऐवजी ‘अ‍ॅट लीस्ट’ हा पर्याय निवडून १३ पॉइंटच्या अक्षरास १८ ते २० पॉइंटचे अंतर द्यावे.

मजकूर दोन्ही कडांना ताणून बसविण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्या लेखनात ‘महायोगराजगुग्गुळ’, ‘त्रिभुवनकीर्तिरस’ यांसारखे दीर्घ शब्द वरचेवर येतात. अरुंद स्तंभात असा शब्द पुढील ओळीत गेला की मागील ओळीतील शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. म्हणून मजकूर डाव्या कडेला सरळ व उजवीकडे मोकळा ठेवणे श्रेयस्कर.

मथळा, उपमथळा, मजकूर, सूचना व चित्राची ओळ अशा पाच प्रकारांसाठी पाच ‘स्टाइल्स’ एकदाच ठरवून घ्याव्यात. स्टाइलमध्ये फाँट निवडताना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या रकान्यातील फाँट व आकार अवश्य भरावा, कारण देवनागरी मजकूर त्या रकान्याचे ऐकतो, रोमन मजकुराच्या रकान्याचे नव्हे. अनेकांना ‘आकार बदलला तरी अक्षर तेवढेच राहते’ असा अनुभव येतो, त्याचे एक कारण हेच आहे. हा सांगाडा ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन केला की पुढील प्रत्येक अंकाला केवळ नवीन मजकूर ओतावयाचा उरतो.

४. मात्रा, मान आणि ‘नये’

आता मुख्य विषयाकडे येऊ. ‘५०० मि.ग्रॅ.’ असे आपण लिहितो. ओळ संपताना ‘५०० मि.’ वर राहिले आणि ‘ग्रॅ.’ खाली गेले तर घाईने वाचणाऱ्याचा घोटाळा होणे अशक्य नाही, शिवाय ‘मि.’ हे मिनिटाचेही संक्षिप्त रूप आहे. रुग्णांच्या पत्रात संक्षेप टाळून ‘मिलिग्रॅम’, ‘ग्रॅम’, ‘मिलिलिटर’ असे पूर्ण शब्द लिहावेत. संख्या व परिमाण यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता ‘कंट्रोल’ व ‘शिफ्ट’ दाबून धरून स्पेसबार दाबावा. ही अतूट मोकळी जागा होय. ती दिली की संख्या आणि परिमाण ओळीच्या शेवटी परस्परांपासून विलग होत नाहीत. वर्ड व रायटर या दोहोंत ही सोय आहे. अपूर्णांक लिहिताना ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे, एकटा बिंदू छायाप्रतीत सहज नाहीसा होतो.

प्राचीन मानांच्या बाबतीत एकवाक्यता हवी. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत १ गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ८ गुंजांचा १ मासा म्हणजे १ ग्रॅम आणि १२ माशांचा १ तोळा म्हणजे १२ ग्रॅम असे रूपांतर धरले आहे. सराफी तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो आणि रुग्णाच्या घरी तोच परिचित असतो. म्हणून घरगुती काढ्याचे प्रमाण देताना तोळ्याऐवजी ग्रॅम द्यावेत.

यानंतर मराठी वाक्यरचनेचा प्रश्न. आपल्या भाषेत निषेध वाक्याच्या अखेरीस येतो. ‘मध व तूप समप्रमाणात एकत्र करून घेऊ नये’ या वाक्याचा सगळा अर्थ अखेरच्या शब्दावर तोललेला आहे. पान किंवा स्तंभ ‘घेऊ’पाशी संपला आणि ‘नये’ पलीकडच्या पानावर गेले, तर पहिले पान वाचणाऱ्याला विरुद्धाहार हाच उपाय वाटेल. यावर दोन उपाय आहेत. पहिला संगणकाचा : निषेधाच्या व सावधगिरीच्या परिच्छेदास ‘पॅराग्राफ’मधील ‘कीप लाइन्स टुगेदर’ ही खूण करावी, म्हणजे तो परिच्छेद दोन पानांत विभागला जाणार नाही. दुसरा भाषेचा : निषेध आधी आणावा. ‘वर्ज्य : मध व तूप समप्रमाणात’ असे लिहिले की पहिलाच शब्द वाचकाला थांबवितो.

औषधांचा तक्ता दिला असेल तर ‘टेबल प्रॉपर्टीज’मधील ओळ दोन पानांत तुटू देण्याचा पर्याय बंद करावा. औषधाचे नाव एका पानावर आणि त्याचा काल व अनुपान दुसऱ्या पानावर, अशी स्थिती येता कामा नये.

शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीवर या बाबतीत विसंबू नये. ‘वासा’ म्हणजे अडुळसा आणि ‘वसा’ म्हणजे स्नेहांपैकी एक. ‘कोष्ठ’ आणि ‘कुष्ठ’ हे दोन्ही शब्द आपल्या शास्त्रात नित्याचे आहेत. एक काना गळला किंवा एक मात्रा बदलली तरी उरलेला शब्द शुद्धच असल्याने संगणक त्याखाली लाल रेघ ओढणार नाही. तो फरक वैद्याच्याच डोळ्यांनी टिपावा लागतो.

५. चित्रे आणि चौकटी

वनस्पतीचे छायाचित्र पत्राला जिवंतपणा देते, परंतु ते ओळख पटविणारे असावे. ‘ब्राह्मी’ या नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात, बाकोपा मोनिएरी व सेंटेला एशियाटिका. दुसरीला आपण मंडूकपर्णी म्हणतो. चित्राखालील ओळीत शास्त्रीय नाव असणे म्हणूनच आवश्यक आहे. चित्र समाविष्ट करताना ‘रॅप टेक्स्ट’मध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ हा पर्याय ठेवावा आणि चित्राच्या परिच्छेदास ‘कीप विथ नेक्स्ट’ ही खूण करावी. अन्यथा मजकुरात दोन ओळी वाढल्या की चित्र सरकून भलत्याच वनस्पतीच्या माहितीशेजारी जाऊन बसते.

छपाईसाठी चित्राची सूक्ष्मता इंचाला ३०० बिंदू असावी. ए५ पानावर दोन्ही कडांना १५ मिलिमीटर समास सोडल्यास ११८ मिलिमीटर रुंदी उरते. त्या रुंदीच्या चित्राला सुमारे १,४०० पिक्सेल लागतात. मोबाइलवरून साध्या रीतीने आलेले चित्र बहुधा आक्रसलेले असते. शक्य तेथे मूळ फाइल मागवावी.

सावधगिरीची सूचना रंगाने ठळक करू नये. लाल अक्षर छायाप्रतीत करडे होते. जाड अक्षर व भोवती साधी चौकट ही खूण कोणत्याही यंत्रातून टिकून राहते. औषधे नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, पारद, हिंगूळ इत्यादी द्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असावी लागते. पत्रात अशा कल्पाचा, उदाहरणार्थ वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्तीचा, उल्लेख आला तर तीच सूचना चौकटीत द्यावी, असा आमचा आग्रह आहे.

६. मथळा आणि कायदा

वर्डमध्ये मथळा मोठा करणे सोपे असते, आणि मथळ्यातील शब्दच कायद्याच्या कक्षेत प्रथम येतात. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये ‘जाहिरात’ या संज्ञेत परिपत्रक, वेष्टन व इतर दस्तऐवज यांचाही अंतर्भाव आहे. रुग्णांना वाटलेले वार्तापत्र त्यातून निसटत नाही. या अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू, पक्षाघात, स्थौल्य अशा विकारांची नावे आहेत. त्यांवर अमुक औषध उपाय आहे, असे प्रसिद्ध करणे हा अपराध ठरू शकतो आणि पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘मधुमेहावर रामबाण’ या मथळ्याऐवजी ‘मधुमेही व्यक्तीची दिनचर्या’ हा विषय घ्यावा. रुग्णाचे हित त्यातच अधिक आहे. औषधालयाची जाहिरात स्वीकारल्यास तिच्यावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे आणि तिचा फाँट लेखाच्या फाँटहून भिन्न ठेवावा, म्हणजे वैद्याचा सल्ला व विक्रेत्याचे आवाहन यांत वाचकाची गल्लत होणार नाही.

७. मुद्रणालयाकडे जाण्यापूर्वी

मुद्रणालयास वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी आणि फाँट तीत अंतर्भूत झाले आहेत याची खात्री करून घ्यावी. काही ठिकाणी अजूनही जुन्या प्रणालीवर काम चालते. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. तीत युनिकोडची व्यवस्था नव्हती. तेथे मजकूर जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला जातो, आणि रूपांतरानंतरचा मजकूर हा नवाच मजकूर समजून पहिल्या अक्षरापासून तपासावा लागतो. आपण तपासून दिलेली फाइल शुद्ध होती, एवढ्यावर समाधान मानू नये. छापून येणार असलेली प्रतच तपासावी.

मुद्रितशोधनाचा आमचा क्रम असा आहे. प्रथम पीडीएफ कागदावर छापून घ्यावी. पडद्यावर डोळा चुका ओलांडून जातो. एकाने मूळ हस्तलिखितातून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून पाहावे. त्यानंतर केवळ संख्या, केवळ परिमाणे आणि केवळ निषेध अशा तीन स्वतंत्र फेऱ्या कराव्यात. अखेरीस आयुर्वेदाशी संबंध नसलेल्या एखाद्या घरच्या माणसाला सूचनांचा भाग वाचावयास देऊन ‘यावरून तुम्ही औषध कसे घ्याल?’ असे विचारावे. त्याचे उत्तर आपल्या मनातील उत्तराशी जुळले तरच अंक छापण्यास द्यावा.

पत्ते छापण्यासाठी ‘मेल मर्ज’ ही सोय उत्तम आहे. त्या यादीत नाव व पत्ता एवढेच ठेवावे. व्याधीचा रकाना तीत असू नये, कारण तो चुकून पाकिटावर छापला गेला तर रुग्णाचे गुपित टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना कळते.

एवढे सगळे अवधान चार पानांसाठी कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. चिकित्सालयात आपण रुग्णासमोर असतो. त्याच्या चेहऱ्यावरचा संभ्रम पाहून पुन्हा समजावून सांगू शकतो. कागदाला ती सोय नाही. तो घरी जातो, शेजारी जातो, पुढील वर्षी कपाटातून निघून पुन्हा वाचला जातो, आणि प्रत्येक वेळी वैद्याच्या नावानेच बोलतो. औषध तयार करताना द्रव्यशुद्धी व मान यांविषयी आपण जी दक्षता घेतो, तीच कागदावर उतरणाऱ्या शब्दांविषयीही घेतली पाहिजे. पुढील ऋतूच्या अंकाची तयारी करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय चालकांनी निदान संख्या-परिमाणांमधील अतूट जागा आणि निषेधाच्या परिच्छेदाची खूण या दोन गोष्टी तरी त्या अंकापासून अमलात आणाव्यात, ही विनंती.